धेंपो स्पोर्ट्स क्लब : मागच्या फळीची वाटचाल

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तेव्हा तिथे फुटबॉल रुजून पाऊण शतक उलटले होते. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका धर्मगुरूंनी बार्देश तालुक्यातल्या शिवोलीत हा खेळ आणला, असे गोव्यात सांगितले जाते. चर्चच्या शाळांमधून तो गावागावांत पसरला आणि भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत सामने रंगू लागले. मुक्तीच्या आधीच, १९५९ मध्ये, गोवा फुटबॉल संघटना उभी राहिली होती. वास्को क्लब १९५१ पासून आणि साळगावकरांचा संघ १९५६ पासून मैदानात होता. १९६५ मध्ये सेसा गोवाचा संघ आला. लोहखनिजाच्या खाणींतून आलेला पैसा आणि गावातल्या पोरांचे पाय यांची सांगड तिथे आधीच बसली होती. त्या परंपरेत धेंपो घराणे उतरले ते १९६८ मध्ये.

धेंपो हे पणजीतले जुने व्यापारी घराणे. खाण आणि जहाज व्यवसायात नाव मिळवलेल्या वसंतराव धेंपो यांनी समाजोपयोगी कामांचीही मोठी उभारणी केली. पणजीचे धेंपे महाविद्यालय १९६२ चे. ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक १९६३ मध्ये निघाले आणि ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक १९७० मध्ये. या दोहोंच्या मधल्या वर्षांत, डिचोलीच्या एका स्थानिक क्लबाचा वारसा हाती घेऊन या घराण्याने फुटबॉल संघ बांधला. मराठी वाचकाला धेंपो हे नाव वर्तमानपत्रामुळे किंवा महाविद्यालयामुळे ठाऊक असते. गोव्यात मात्र चहाच्या टपरीवर ‘धेंपो’ म्हटले की पहिल्यांदा क्लबच आठवतो, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांत एखाद्या संस्थेने मिळवलेली ही ओळख लहान म्हणता येणार नाही.

सुरुवातीचा काळ पूर्णपणे हौशी नव्हता आणि व्यावसायिकही नव्हता. खाण कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत, तो सकाळी सराव करी आणि दिवसा कामावर जाई. पगार खेळाचा की कामाचा, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नसे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खेळांचे रसिक होते आणि त्यांच्या नावाचा बांदोडकर सुवर्ण करंडक सुरू झाल्यावर देशभरातले नामांकित संघ गोव्याच्या मैदानावर येऊ लागले. गावच्या संघाला कोलकात्याच्या संघाविरुद्ध उभे राहावे लागले. हरणे ठरलेलेच होते, पण हरताना काय कमी पडते तेही कळत गेले.

गोव्याबाहेर स्वतःला सिद्ध करण्याची जागा तेव्हा मुंबई होती. कूपरेजवर होणारा रोव्हर्स करंडक १८९१ पासून चालत आला होता आणि तो जिंकल्याशिवाय देशातल्या जाणकारांच्या लेखी संघाला वजन येत नसे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात धेंपोने हा करंडक गोव्यात नेला आणि १९८६ मध्ये पुन्हा नेला. ऐंशीच्या दशकाने गोव्याला देशाच्या नकाशावर पक्के बसवले. १९८२-८३ मध्ये संतोष करंडक बंगालबरोबर विभागून मिळाला आणि पुढच्याच वर्षी गोव्याने तो स्वतंत्रपणे जिंकला. साळगावकर, धेंपो, सेसा, वास्को या क्लबांच्या खेळाडूंनीच तो राज्य संघ घडवला होता.

नव्वदचे दशक धेंपोसाठी फारसे सुखाचे गेले नाही. डिसेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. करंडक स्पर्धा पंधरा दिवसांत आटपत. लीगमध्ये महिनोन् महिने प्रवास, सराव आणि दुखापती सांभाळाव्या लागत. साळगावकर संघ १९९८-९९ मध्ये लीग जिंकून गोव्याचा पहिला राष्ट्रीय विजेता ठरला. धेंपोला मात्र या नव्या शिस्तीशी जुळवून घेता आले नाही आणि संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. रोव्हर्स जिंकलेल्या क्लबासाठी ही नामुष्की होती. पण संघ मोडीत काढण्याऐवजी व्यवस्थापनाने एक नेमणूक केली आणि पुढे जे घडले त्याचा बहुतेक हिशोब त्या नेमणुकीपाशीच लागतो.

२००० मध्ये आर्मांदो कुलासो प्रशिक्षक म्हणून आले. परदेशी प्रशिक्षक आणून एका मोसमात चमत्कार घडवण्याची भारतीय क्लबांची तेव्हाही आवड होती आणि आजही आहे. कुलासो गोव्यातले होते, स्थानिक फुटबॉलमध्ये रुळलेले होते आणि मुख्य म्हणजे घाईत नव्हते. त्यांनी गोव्यातली तरुण मुले निवडली, त्यांना एकत्र ठेवले आणि चेंडू जमिनीवरून, छोट्या पासांनी पुढे नेण्याची सवय लावली. संघ दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २००३-०४ मध्ये लीगचा उपविजेता झाला. विजेता होता ईस्ट बंगाल. चार वर्षांपूर्वी तळाला गेलेला क्लब देशात दुसऱ्या क्रमांकावर येऊन उभा होता.

याच संघातून आणि नंतरच्या भरतीतून क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी अशी नावे पुढे आली. लॉरेन्स मध्यरक्षक, पुढे भारताचा कर्णधार. मिरांडा डाव्या बगलेवरून चेंडू आत आणणारा. नाईक आणि गवळी मागच्या फळीतले. गवळी २००३ मध्ये ईस्ट बंगालच्या ज्या संघाने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली त्यात होता आणि मग धेंपोत आला. वर्तमानपत्रात नाव येते ते गोल करणाऱ्याचे. बचावपटूचे नाव येते ते त्याची चूक झाली तर. धेंपोच्या इतिहासात मात्र हा नेहमीचा हिशोब बराच उलटा झालेला दिसतो.

२००४ च्या मोसमात क्लबाने क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझीलच्या आघाडीवीराला ईस्ट बंगालकडून आपल्याकडे आणले. ब्राझील आणि गोवा या दोन्ही भूमींनी पोर्तुगीज सत्ता पाहिली, त्यामुळे ब्राझिलियन खेळाडूला गोव्यात आपलेपणा वाटायला वेळ लागत नाही. क्रिस्तियानो पंचवीस वर्षांचा होता आणि गोल करण्याची त्याला विलक्षण जाण होती. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा मैदानावर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध झाला. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले.

मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची व्यवस्था अपुरी का, हा प्रश्न त्या दिवसानंतर देशभर विचारला गेला. मैदानाशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका असण्याबद्दल भारतीय फुटबॉलमध्ये आज जी काळजी घेतली जाते तिच्यामागे या मृत्यूचा मोठा वाटा आहे. धेंपोने १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. क्लबाच्या पहिल्या फेडरेशन करंडकाचा आनंद त्या संध्याकाळी कुणी साजरा केला नाही.

लीग पुढे चालूच होती. जखमी मनाचा संघ त्या मोसमात ढेपाळला असता तर कुणी दोष दिला नसता. झाले उलटेच. गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबाशी शेवटपर्यंत चुरस झाली आणि २००४-०५ ची राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली. क्लबाचे हे पहिले राष्ट्रीय विजेतेपद होते. कुलासोंच्या धीम्या, चिवट शिकवणीची कसोटी लागली ती याच मोसमात, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

यानंतरची सात वर्षे भारतीय क्लब फुटबॉलमध्ये धेंपोची म्हणून ओळखली जातात. २००६ मध्ये ड्युरँड करंडक आला. २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्या लीगचा तो शेवटचा मोसम होता. पुढच्या वर्षी तिच्या जागी आय-लीग सुरू झाली आणि तिचा पहिला विजेताही धेंपोच ठरला. त्या २००७-०८ च्या मोसमात धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांचे गुण सारखे झाले होते, गोलफरकावर विजेतेपद पणजीला गेले. गोलफरक म्हणजे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा. अशा वेळी नाईक-गवळींनी रोखलेल्या प्रत्येक गोलाला आघाडीवीराने केलेल्या गोलाइतकीच किंमत येते. २००८ आणि २०१० मध्ये सुपर करंडकही मिळाला. २००९-१० मध्ये चौथे आणि २०११-१२ मध्ये पाचवे राष्ट्रीय विजेतेपद आले. पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदे तोवर दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडे नव्हती. मोहन बागानला तो आकडा गाठायला २०२० उजाडावे लागले.

पुढच्या फळीत या काळात नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता. २०११-१२ च्या मोसमात त्याने एकट्याने ३२ गोल केले. मधल्या फळीत ब्राझीलचा रॉबेर्तो मेंडेस सिल्वा, ज्याला गोव्यात सगळे बेटो म्हणत, अनेक मोसम खेळला. परदेशी खेळाडू एका वर्षात बॅग भरून निघून जातो, हा सर्वसाधारण अनुभव. धेंपोत ते वर्षानुवर्षे राहिले. तसेच प्रशिक्षक राहिले, गोव्यातली मुलेही राहिली. त्या यशाचे गुपित कुणी शोधत असेल तर ते इथेच आहे, फार खोल जायची गरज नाही.

आशियाच्या मैदानावरही क्लबाने पाऊल टाकले. २००८ च्या एएफसी करंडकात सिंगापूरच्या होम युनायटेडला उपांत्यपूर्व फेरीत हरवून धेंपो उपांत्य फेरीत पोहोचला. या स्पर्धेत इतकी मजल मारणारा तो पहिला भारतीय क्लब. तिथे लेबनॉनच्या सफा संघाने वाट अडवली. २०११ मध्ये मात्र उझबेकिस्तानच्या नसाफ क्लबाने धेंपोच्या जाळ्यात गोलांचा ढीग घातला. नसाफ त्या वर्षी करंडक जिंकला, हे खरे असले तरी भारतीय लीगचा राजा आशियात किती मागे आहे ते त्या सामन्याने निष्ठुरपणे दाखवले. संस्थेच्या वाटचालीत असे दिवसही नोंदवून ठेवावे लागतात.

राष्ट्रीय संघातल्या धेंपोच्या वाट्याचे वर्णन केल्याशिवाय हा कालखंड पुरा होत नाही. नवी दिल्लीतल्या २००७ च्या नेहरू करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला हरवले. ऑगस्ट २००८ मध्ये एएफसी चॅलेंज करंडकात ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय मिळवून भारताने २०११ च्या आशियाई करंडकाची पात्रता कमावली. १९८४ नंतर ती पहिल्यांदाच मिळत होती. सुनील छेत्रीची हॅटट्रिक सर्वांना आठवते. पण या वर्षांत भारताच्या मागच्या आणि मधल्या फळीत धेंपोची माणसे होती : गवळी, नाईक, लॉरेन्स, मिरांडा. २०११ मध्ये कुलासोंना काही काळ भारतीय संघाची धुरा सांभाळण्यासाठीही बोलावले गेले.

याच वर्षांत क्लबामागची कंपनी बदलत होती. जून २००९ मध्ये धेंपो घराण्याने आपला खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवाला विकला. खाण कंपनीच्या आधाराने वाढलेला क्लब, खाण गेल्यावर काय होणार, अशी शंका रास्त होती. श्रीनिवास धेंपो यांनी क्लब आपल्याकडेच ठेवला. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या सगळ्याच खाणी थांबल्या आणि खाणींवर उभ्या असलेल्या फुटबॉलवर त्याचे सावट पडले. धेंपोने त्याआधीच जुन्या गोव्याजवळच्या एला इथे अकादमी उभारण्याकडे लक्ष वळवले होते. तिथे मुले राहतात, शिकतात, खेळतात. रावेरच्या केळीपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही रीत समजावून सांगायला नको : मुख्य झाडाचा घड कापला की त्याच्याच पिलावर पिलबाग धरला जातो, नवी लागवड करावी लागत नाही. एलाच्या मैदानावर नेमके तेच चालले होते.

२०१३ मध्ये कुलासो क्लबातून बाहेर पडले आणि ईस्ट बंगालला गेले. तेरा वर्षे एका क्लबात प्रशिक्षक राहणे भारतात जवळजवळ न ऐकलेले. त्यांच्या जागी आधी ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, मग इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन. दोघेही जाणकार होते, पण घडी विस्कटली. खेळाडूंचे वय वाढले होते, २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने अनेकांना ओढून नेले होते. २०१४-१५ च्या मोसमाअखेर पाच वेळचा विजेता आय-लीगमधून खाली घसरला.

ही सुपर लीग इथे थोडा वेळ थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्याच निमित्ताने ब्राझीलचे काही थोर बचावपटू भारतात आले. एफसी गोवा हा संघ धेंपो, साळगावकर आणि व्हिडिओकॉन यांनी मिळून उभा केला आणि त्याचे प्रशिक्षक होते ब्राझीलचेच झिको. २००२ मध्ये ब्राझीलने विश्वचषक जिंकला त्या संघाच्या बचावाचा खांब होता लुसिओ. तो २०१५ मध्ये एफसी गोवाकडून खेळला. त्याच विश्वविजेत्या संघाचा डावा बचावपटू रॉबेर्तो कार्लोस त्या वर्षी दिल्ली डायनामोजचा प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही भूमिकांत होता. उपांत्य फेरीत झिकोच्या गोव्याने कार्लोसच्या दिल्लीला हरवले. आणि २००२ च्या त्या ब्राझीलचे प्रशिक्षक लुईझ फिलिपे स्कोलारी स्वतः जुने बचावपटूच, खेळाडू म्हणून फार मोठे नाव नसलेले. त्यांनी ग्रेमियो आणि पाल्मेरास या दोन क्लबांना दक्षिण अमेरिकेचा लिबर्तादोरेस करंडक मिळवून दिला आणि मग देशाला विश्वचषक. आबेल ब्रागा हेही बचावपटू, त्यांच्या इंतरनासिओनाल संघाने २००६ मध्ये क्लबांच्या जागतिक स्पर्धेत बार्सिलोनाला हरवले.

ब्राझील म्हटले की लोकांना नाचणारा आघाडीवीर दिसतो. पण त्यांच्या विजेत्या संघांच्या बाकावर बसलेला माणूस कितीतरी वेळा मागच्या फळीतून आलेला असतो. याचे कारण अनाकलनीय नाही. आघाडीवीराची पाठ स्वतःच्या संघाकडे असते. बचावपटू नव्वद मिनिटे सगळ्या मैदानाकडे तोंड करून उभा असतो. कोण जागा सोडतो, कोण दमला, कुठे भगदाड पडणार, हे त्याला दिसते आणि ते ओरडून इतरांना सांगावे लागते. निवृत्त होईपर्यंत त्याची अर्धी प्रशिक्षकी होऊन गेलेली असते.

धेंपोने हे आपल्या घरातच अजमावून पाहिले. दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या संघाची जबाबदारी क्लबाचे जुने खेळाडू मॉरिसिओ अफोन्सो यांच्याकडे आली आणि २०१५-१६ ची दुसरी श्रेणी जिंकून धेंपो पुन्हा वर येण्यास पात्र ठरला. पण तो वर आलाच नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला देशातली अव्वल स्पर्धा करण्याचा आणि आय-लीगला खाली ढकलण्याचा आराखडा मांडला होता. मैदानावर जिंकूनही वर जाण्याचा रस्ता बंद राहणार असेल तर खेळायचे कशासाठी, असा सवाल करून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. या माघारीने महासंघाचा आराखडा थांबला नाही आणि तोटा क्लबांनाच झाला, हेही खरे. तरी त्या निर्णयामागचे तत्त्व चुकीचे होते असे आज मागे वळून पाहताना म्हणता येत नाही.

मग पुष्कळ वर्षे धेंपो केवळ गोव्याच्या राज्य लीगमध्ये खेळला. मोठ्या मैदानांवरचे प्रेक्षक गेले, दूरचित्रवाणी गेली, परदेशी खेळाडू गेले. राहिली ती एलाची अकादमी आणि तिथली मुले. त्या मुलांना उभे करण्याची जबाबदारी समीर नाईक यांच्याकडे आली. १९७९ साली जन्मलेल्या नाईकांनी क्लबाच्या सुवर्णकाळाचा मोठा भाग मागच्या फळीत उभे राहून पाहिला होता. कुलासोंचा धीर, गवळीबरोबर केलेली जोडी, राष्ट्रीय संघातले सामने, अशी सगळी शिदोरी त्यांच्याजवळ होती. त्यांच्या संघात नावाजलेला कुणी नव्हता. अकादमीत घडलेली वीस-बावीस वर्षांची मुले होती, ज्यांना रोव्हर्स करंडक ठाऊकही नव्हता आणि क्रिस्तियानोचे नाव फक्त क्लबाच्या गोष्टींतून माहीत होते.

याच दरम्यान मागच्या फळीतला त्यांचा जुना जोडीदार राष्ट्रीय संघाच्या बाकावर पोहोचला. महेश गवळी भारताचे सहायक प्रशिक्षक होते. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगॉर स्टिमाच यांच्यावर दोनदा लाल कार्डाची कारवाई झाली आणि नेपाळविरुद्धचा साखळी सामना, लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना, तिन्हींत संघाची सूत्रे गवळींनी सांभाळली. शेवटचे दोन सामने पेनल्टी शूटआउटपर्यंत ताणले गेले आणि दोन्ही भारताने जिंकले. हे घडले बंगळुरूच्या त्याच श्री कंठीरवा मैदानावर. त्याआधी एप्रिलमध्ये क्लिफर्ड मिरांडा यांनी ओडिशा एफसीला सुपर करंडक मिळवून दिला होता. धेंपोच्या एकाच पिढीतले तीन खेळाडू एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या संघांचे प्रशिक्षक म्हणून उभे होते. जानेवारी २०२५ मध्ये या सगळ्यांचे गुरू आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव श्रेणीतला द्रोणाचार्य पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला.

डेरिक परेरांचाही उल्लेख इथे केला पाहिजे, जरी ते धेंपोचे नव्हेत. ऐंशीच्या दशकातले साळगावकरचे बचावपटू असलेल्या परेरांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपदापर्यंत नेले. महाराष्ट्रातल्या दोन्ही मोठ्या संघांना गोव्याच्या मागच्या फळीनेच घडवले, हे आपल्याकडे फारसे कुणी नोंदवत नाही. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला आणि पुण्याचाही क्लब गेला. ज्या राज्यात रोव्हर्स करंडक रंगला तिथले कारखान्यांचे संघ कागदावर उरले, आणि खाण विकलेल्या घराण्याचा क्लब मात्र टिकला.

२०२३-२४ मध्ये धेंपो पुन्हा राष्ट्रीय पातळीवर उतरला, आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत. प्रशिक्षक समीर नाईक. एससी बंगळुरू पहिला आला, धेंपो दुसरा, आणि दोघांनाही आय-लीगमध्ये बढती मिळाली. जवळपास दशकभरानंतर क्लब देशाच्या मुख्य प्रवाहात परत आला होता. लीगमधल्या अनेक संघांकडे पैसा जास्त होता आणि अनुभवी खेळाडूही जास्त. धेंपोने मात्र आपली मुलेच पुढे ठेवली.

ज्यांच्या कष्टांवर ही वाटचाल झाली त्यांत नावे माहीत नसलेलेच जास्त आहेत. पावसाळ्यात एलाच्या मैदानाचे गवत राखणारे, मुलांच्या जेवणाची काळजी घेणारे, परगावच्या सामन्यांना स्वखर्चाने जाणारे चाहते, खाणीत नोकरी करून संध्याकाळी धाकट्या संघाला शिकवणारे जुने खेळाडू. संस्थेचे करंडक कपाटात मांडले जातात, ही माणसे कुठेच मांडली जात नाहीत. भुसावळच्या रेल्वे मैदानापासून रावेर-सावद्याच्या शाळांपर्यंत खानदेशात जिथे कुणी मुलांना पदरमोड करून शिकवत असेल, त्यांनी या क्लबाची कहाणी जरूर वाचावी आणि आपल्या गावच्या मंडळाचाही इतिहास लिहून ठेवावा.

२०२४-२५ चा आय-लीग मोसम संपला तेव्हा दोन संघ खाली गेले. एक दिल्ली एफसी, दुसरा एससी बंगळुरू, जो वर येताना धेंपोच्या पुढे होता. धेंपोने आपली जागा राखली.